तीन डिव्हिजन, एकच हेक्स

झेलोच्या टेकड्यांवरच्या १९४५च्या लढाईचा आमचा युद्धखेळ बाजारात आल्यापासून खेळाडूंची एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहिली. "मी तीन डिव्हिजन एकाच ठिकाणी गोळा केल्या. समोर जर्मनांची एक थकलेली रेजिमेंट होती. हल्ला केला, तर माझी माणसं त्यांच्या कितीतरी पट पडली आणि टेकडीही मिळाली नाही. तुमचं गणित चुकलंय." काही जण त्या क्षणापर्यंतचा खेळ सेव्ह करून त्याची फाइलही पाठवायचे, आणि त्या फायली उघडल्या की तक्रार खरी असल्याचं दिसायचं. नुकसान खरोखरच भयंकर होतं.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही संगणकावरचे युद्धखेळ बनवतो आणि एक परदेशी प्रकाशक ते विकतो. कोणी कोणावर किती मारा केला, किती माणसं पडली, किती रणगाडे निकामी झाले, कोण मागे हटलं, हा लढाईचा निकाल काढणारा भाग लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. त्यामुळे अशी तक्रार फिरत फिरत माझ्याच टेबलावर येते.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पडद्यावर खऱ्या भूभागाचा नकाशा असतो आणि त्यावर षटकोनांची जाळी. प्रत्येक षटकोनाला हेक्स म्हणतात. आमच्या खेळात एक हेक्स म्हणजे जमिनीवरचा सुमारे एक किलोमीटर. तुकड्या या हेक्समधून त्या हेक्समध्ये सरकतात, आणि एका हेक्समध्ये एकावर एक रचलेल्या तुकड्यांना स्टॅक म्हणतात. आपली पाळी संपवली की संगणक लढायांचे निकाल काढतो. बुद्धिबळात एका घरात एकच मोहरा बसतो, इथे अनेक बसतात. आणि अनेक बसवता येतात म्हटल्यावर माणूस बसवतोच.

या सवयीला इतिहास आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स यांनी पटावरचे युद्धखेळ विकायला सुरुवात केली. त्यातला लढाईचा नियम सोपा होता. हल्ला करणाऱ्याच्या बळाला बचाव करणाऱ्याच्या बळाने भागायचं, येईल ते गुणोत्तर तक्त्यात शोधायचं, फासा टाकायचा आणि निकाल वाचायचा. तीनास एक मिळालं की हल्ला करण्याजोगा, सहास एक मिळालं तर उत्तमच. या तक्त्यावर वाढलेल्या प्रत्येक खेळाडूच्या हाताला एकच वळण लागलं: आणखी एक तुकडी आण, गुणोत्तर वाढव. स्टॅकमध्ये किती तुकड्या रचायच्या यावर मर्यादा असायची, पण त्या मर्यादेच्या आत दाटीची किंमत सहसा काहीच नसायची. संगणकावरच्या खेळांनी ती किंमत मोजायला घेतली. नॉर्म कोगर यांच्या १९९८ सालच्या 'द ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर'मध्ये एका हेक्समध्ये एका बाजूच्या नऊ तुकड्या मावतात, पण नऊच्या आतही दाटी वाढत गेली की नुकसान वाढत जातं आणि स्टॅकवरच्या ठिपक्याचा रंग बदलत जातो. तो खेळ खेळलेले लोकसुद्धा लाल ठिपका दिसत असताना हल्ला करतात. गुणोत्तराची ओढ तेवढी जबरदस्त आहे.

एका खेळाडूची फाइल घेऊन मी लढाईचा लॉग ओळीओळीने वाचायला बसले. लॉग म्हणजे संगणकाने ठेवलेली नोंदवही: कोणत्या तोफखान्याने कुठे मारा केला, कोणती तुकडी किती पुढे गेली, कुठल्या कारणाने किती नुकसान झालं. खेळाडूला तेव्हा यातलं काही दिसत नव्हतं. त्याला शेवटचा आकडा तेवढा दिसायचा.

पहिली गोष्ट लगेच कळली. तीन डिव्हिजनांपैकी गोळ्या झाडत होता तो जेमतेम एक भाग. समोरच्या जर्मन मोर्च्याची रुंदी ठरलेली, त्याच्यावर नेम धरून लढायला पुढच्या रांगेतली जागाही तेवढीच. बाकीची माणसं मागे उभी होती. हल्ल्याच्या बळात ती मोजली गेली होती, खेळाडूच्या डोक्यातल्या गुणोत्तरातही ती होती, पण त्यांच्या बंदुकांचा मारा शून्य होता. मात्र गोळे पडत होते ते त्यांच्यावरही.

हे समजून घ्यायला मला फ्रेडरिक लँचेस्टरचा आधार झाला. मोटारी बनवणारा हा इंग्लिश अभियंता. त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात लढाईतल्या नुकसानीची समीकरणं मांडली आणि १९१६ साली ती विमानयुद्धावरच्या त्याच्या पुस्तकात आली. त्यात त्याने दोन प्रकारच्या लढाया वेगळ्या केल्या. पहिल्या प्रकारात प्रत्येक जण समोरचा माणूस बघून नेम धरतो. तिथे संख्या दुप्पट झाली की बळ चौपट होतं, कारण तुमचे नेमबाज वाढतात आणि शत्रूचा मारा जास्त माणसांत वाटला जातो. दुसऱ्या प्रकारात नेम माणसावर नसतो, जागेवर असतो. त्या जागेत जितकी माणसं जास्त, तितकी प्रत्येक गोळ्यामागे पडणारी माणसं जास्त. साधा हिशेब असा: एका चौरस किलोमीटरमध्ये हजार माणसं असतील तर दर हजार चौरस मीटरला सरासरी एक माणूस येतो. तीन हजार असतील तर तीन. गोळा तोच, तोफ तीच, पण पडणारी माणसं तिप्पट.

आता टेकडीवरचा हल्ला बघा. बचाव करणारे थोडे, खंदकात दडलेले. हल्ला करणारे उघड्यावर, दाट. हल्लेखोरांना शत्रू दिसत नाही, म्हणून त्यांचा मारा जागेवर, आणि त्या जागेत माणसंच कमी. बचाव करणाऱ्यांना समोरचे दिसतात, शिवाय त्यांच्या तोफांचा मारा जिथे पडतो तिथे गर्दी आहे. लँचेस्टरच्या पहिल्या प्रकारातला संख्येचा सगळा फायदा हल्लेखोर मनात धरून चालतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारात सापडतो. खेळाडूच्या तक्रारीचं उत्तर हेच, असं मला वाटलं.

पण लॉगमधले आकडे एवढ्याने जुळेनात. जागेवरच्या माऱ्याचा नियम नीट वाचला तर त्यात एक गोष्ट दडलेली आहे. दाटी तिप्पट झाली तर एकूण पडणारे तिप्पट होतात, पण शेकडा प्रमाण तेच राहतं. हजारातले शंभर, तीन हजारांतले तीनशे. एकेका माणसाचा धोका वाढत नाही. लॉगमध्ये मात्र शेकडा प्रमाणही वाढलेलं होतं, आणि तेही चांगलंच. म्हणजे दाटीच्या पलीकडचं काहीतरी होतं.

आमच्या कंपनीला सल्ला द्यायला तोफखान्यातले एक निवृत्त कर्नल येतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. मी त्यांना तो लॉग दाखवला.

"सर, सूत्र बरोबर लागू होतंय. पण टक्केवारी का वाढते?"

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "अगं, गोळा आंधळा असतो. टाकणारा आंधळा नसतो. पुढे ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेला अधिकारी दुर्बिणीतून बघत असतो. त्याला चार ठिकाणी थोडेथोडे लोक दिसले तर तो चार ठिकाणी तोफा वाटून देईल. एकाच ठिकाणी एवढी गर्दी दिसली तर तो दुसरीकडे बघेल कशाला? हाताशी आहेत त्या सगळ्या तोफा तिथेच. शेजारच्यांकडेही मागेल."

"पण आपल्या खेळात ओपीवर कोणी बसलेलं नाही, सर."

"तुमचा प्रोग्रॅम तोफांना लक्ष्य कसं निवडून देतो ते बघ."

मी पाहिलं. बचावाच्या तोफा आपोआप चालवणारा भाग माझ्या एका सहकाऱ्याने फार पूर्वी लिहिला होता. त्यात टप्प्यातल्या सगळ्या हेक्सपैकी जिथे सर्वांत जास्त नुकसान करता येईल ती जागा निवडली जाते. म्हणजे खेळाडूने तीन डिव्हिजन एका हेक्समध्ये रचल्या की त्या भागातल्या जर्मन तोफांच्या प्रत्येक बॅटरीला तीच जागा सर्वांत मोलाची वाटत होती. हल्ला तीन हेक्समधून झाला असता तर मारा वाटला गेला असता. गर्दीने प्रत्येक गोळ्याची किंमत वाढवली होती आणि गोळ्यांची संख्याही आपल्याकडेच ओढून घेतली होती.

सरांनी आणखी एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे? एवढा वेळ ही माणसं इथे काय करतायत?"

ती तिसरी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या खेळात एक पाळी अनेक छोट्या फेऱ्यांमध्ये मोडलेली असते. ओडर नदीच्या काठची पाणथळ जमीन, तिच्यातून जाणारा एक रस्ता, आणि त्या एका रस्त्याची वाहतूक वाहण्याची ठरावीक कुवत. पहिली डिव्हिजन पुढे सरकली, दुसरी तिच्या पाठीवर येऊन अडली, तिसरीचे ट्रक दुसरीच्या तोफांमध्ये घुसले. ज्या उघड्या मैदानावरून एरवी दोन फेऱ्यांत पार होता आलं असतं, तिथे हे सगळे फेरीमागून फेरी थांबून होते, आणि प्रत्येक फेरीला गोळे पडत होते. धोका वेळेच्या पटीत वाढतो. घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागच्या शंभर गाड्यांच्या इंजिनांची ताकद कितीही असली तरी पुढे काहीच हलत नाही, तसंच हे. शिवाय वेगवेगळ्या डिव्हिजनांच्या तुकड्या एकमेकांत मिसळल्या की कोणाचा हुकूम कोणाला, हे सुटत जातं. आमच्या खेळात अशा तुकड्यांची शिस्त मोडते, मग त्या मागे हटताना आणखी माणसं गमावतात.

बग नव्हता. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले चार नियम एकाच जागी येऊन मिळत होते. मुद्दाम कोणी ठरवलेलं नसताना त्यांतून जे घडत होतं, ते १६ एप्रिल १९४५ रोजी त्याच जमिनीवर घडलेलं आहे.

त्या दिवशी पहाटेच्या अंधारात मार्शल झुकॉव्हच्या पहिल्या बेलोरशियन फ्रंटने, म्हणजे अनेक आर्म्यांच्या सोव्हिएत सैन्यगटाने, बर्लिनच्या दिशेने हल्ला सुरू केला. ओडरच्या पश्चिम काठावर, क्युस्ट्रिनजवळ, त्यांच्या हातात नदीपलीकडची थोडीशी जमीन होती आणि तिथे अनेक आर्म्या दाटीवाटीने बसवल्या होत्या. समोर ओडरब्रुख नावाचा सखल, कालव्यांनी चिरलेला, वसंतातल्या पाण्याने चिखल झालेला पट्टा, आणि त्याच्या पलीकडे झेलोच्या टेकड्या. शत्रूचे डोळे दिपवण्यासाठी १४३ सर्चलाइट लावले होते. तो प्रकाश धुळीवर आणि धुरावर आपटून परतला आणि पुढे जाणाऱ्या रशियन सैनिकांनाच समोरचं दिसेनासं झालं. जर्मन सेनापती हाइनरित्सीने हल्ल्याचा अंदाज घेऊन पहिल्या फळीतली बहुतेक माणसं आधीच मागे घेतली होती. हल्ल्याआधीचा तोफांचा प्रचंड मारा बऱ्याच अंशी रिकाम्या खंदकांवर पडला.

मूळ योजना अशी होती की पायदळ टेकड्यांची फळी फोडेल आणि मग त्या भगदाडातून दोन टँक आर्म्या बर्लिनकडे धावतील. दुपारपर्यंत फळी फुटली नाही. दक्षिणेकडून मार्शल कोनेव्हचा फ्रंट वेगाने सरकत होता आणि स्टॅलिन विचारत होता. झुकॉव्हने भगदाड पडण्याआधीच दोन्ही टँक आर्म्या पुढे सोडल्या. रस्ते मोजके, ते आधीच पायदळाच्या तोफांनी आणि सामानाच्या गाड्यांनी भरलेले, आणि रस्त्याखाली उतरलं की चिखल. आठव्या गार्ड्‌स आर्मीचा सेनापती चुइकॉव्ह, ज्याच्या मागच्या रस्त्यांवर हे रणगाडे येऊन अडकले, त्याने पुढे आपल्या आठवणींत या गर्दीबद्दल कडवटपणे लिहिलं. टेकड्यांवरून जर्मन तोफा आणि रणगाडाविरोधी तोफा खालच्या त्या कोंडीत मारा करत राहिल्या. फळी पूर्ण फुटायला १९ एप्रिल उजाडला.

इतिहासकार क्रिव्होशेयेव्ह यांनी सोव्हिएत दप्तरांवरून जुळवलेल्या आकड्यांनुसार बर्लिनच्या संपूर्ण मोहिमेत या एका फ्रंटची मृत, बेपत्ता वगैरे कायमची हानी ३७,६१० होती. त्यातली टेकड्यांवरची किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण युद्ध तीन आठवड्यांत संपणार होतं. त्या चिखलात रणगाड्यांच्या मागे थांबलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी कोणीतरी त्याची वाट पाहत होतं. लॉगमधला आकडा मी आजही या जाणिवेनेच वाचते, आणि आमच्या नव्या टेस्टरनाही तसाच वाचायला सांगते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात पीटर्सबर्गला गर्दीचा हाच प्रकार आणखी लहान जागेत झाला. ३० जुलै १८६४ रोजी उत्तरेच्या सैन्याने शत्रूच्या मोर्च्याखाली सुरुंग उडवला, सुमारे तीस फूट खोल खड्डा पडला, आणि हल्ल्याला निघालेली माणसं खड्ड्याला वळसा घालून जाण्याऐवजी त्यातच उतरत गेली. मागच्या तुकड्याही त्यातच उतरल्या. वरून दक्षिणेच्या सैन्याने मारा केला. उत्तरेचे मृत, जखमी आणि पकडलेले मिळून सुमारे ३,८०० झाले.

याचा अर्थ माणसं विखुरली की झालं, असा मात्र नाही. काही खेळाडूंनी तक्रारींना दिलेलं आमचं उत्तर वाचून सगळा मोर्चा पातळ पसरवला आणि सगळीकडेच मार खाल्ला. १ जुलै १९१६ला सॉमच्या काठी ब्रिटिशांनी लांबलचक मोर्च्यावर हल्ला केला आणि एका दिवसात ५७,४७० माणसं गमावली, त्यातली १९,२४० मृत्युमुखी पडली. तिथे शत्रूच्या मशिनगन गप्प झालेल्या नव्हत्या, आणि त्या गप्प नसतील तर अंतर ठेवून चालल्याने माणूस वाचत नाही. बळ एकवटावं लागतंच. प्रश्न कोणतं बळ, हा आहे. तोफा किलोमीटरभर मागे राहून एका जागेवर मारा एकवटू शकतात. माणसांना तसं करता येत नाही, त्यांना तिथे जावं लागतं.

ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट दिसली ती केरेनच्या खेळावर काम करताना. इरिट्रियातल्या या डोंगराळ जागी १९४१च्या मार्चमध्ये इटालियन सैन्याने खिंड अडवली होती. कडे असे, की एका वेळी फार माणसं चढूच शकत नाहीत. १५ मार्चला दिवसा चढलेली एक ब्रिटिश बटालियन माऱ्यात अडकून पडली. त्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, जिच्यात आपल्याकडच्या गावांतली मुलं होती, 'पिनॅकल' नावाच्या सुळक्यावर चढली आणि तो तिने घेतला. पुढे त्याच ब्रिगेडने डोलोगोरोडॉकचा किल्ला घेतला आणि २७ मार्चला केरेन पडलं. त्या सुळक्यासाठी आमच्या खेळात टेस्टरने तीन बटालियन पाठवल्या की तिन्ही मोडतात. एक पाठवली, उजेड कमी असताना पाठवली आणि सगळ्या तोफा तिच्यासाठी ठेवल्या, की ती बऱ्याचदा वर पोचते. पडतात तिथेही खूप, आणि वर पोचल्यावर प्रतिहल्ले झेलताना आणखी पडतात.

झेलोच्या तक्रारी वाढल्यावर प्रकाशकाकडून सूचना आली: दाटीचा दंड निम्मा करा, खेळाडू नाराज होतायत. त्यावर आमच्याकडे लांबलचक बैठक झाली. मी विरोध केला. दंड नावाची एक संख्या आमच्या खेळात फार थोडं काम करते. बरंचसं काम रस्त्याची रुंदी, तोफांची निवड आणि चिखल करतात. नुकसान निम्मं करायचं तर या गोष्टीही बदलाव्या लागतील, मग झेलो झेलो राहणार नाही, आणि हा खेळ लोक झेलो समजून विकत घेतात. खेळाडूची खरी अडचण मला वेगळी वाटत होती. त्याला शेवटचा आकडा दिसतो, कारण दिसत नाही. झुकॉव्हला निदान रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांची खबर मिळत होती.

सरांनी माझी बाजू उचलून धरली. मग आम्ही लढाईनंतरचा अहवाल नव्याने लिहिला. आता हल्ल्याची आखणी करतानाच दिसतं की निवडलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष लढू शकतील आणि किती मागे थांबतील. शत्रूच्या किती तोफांच्या टप्प्यात तो स्टॅक आहे, तेही दिसतं. निकालानंतर नुकसान कारणांनुसार मांडलं जातं: समोरासमोरच्या लढाईत इतके, थांबून राहिलेल्यांवरच्या तोफमाऱ्यात इतके, माघारीत इतके. हे आलं तेव्हा त्याच खेळाडूंच्या पत्रांचा सूर बदलला. एकाने लिहिलं की मधल्या रकान्यातला आकडा पाहून त्याने आपली दुसरी डिव्हिजन नदीकाठीच, तोफांच्या टप्प्याबाहेर ठेवली, आणि पहिलीने कालवा ओलांडल्यावरच बोलावली. हल्ला मंद झाला, पण टेकडी मिळाली.

एक काम अजून बाकी आहे. संगणकाच्या बाजूने खेळणारा प्रोग्रॅम आजही गुणोत्तर बघूनच हल्ला ठरवतो. रशियनांच्या बाजूने त्याला खेळवलं की तो सगळं काही क्युस्ट्रिनच्या रस्त्यावर आणून रचतो, आणि जाणकार खेळाडू जर्मन तोफा राखून त्याची वाट बघत बसतात. मी त्याच्या हिशेबात थांबून राहणाऱ्यांची किंमत घातली, तर तो इतका सावध झाला की हल्लाच करेना. सध्या त्याला दुसरी फळी टप्प्याबाहेर राखायला आणि रस्ता मोकळा झाला की पुढे आणायला शिकवतेय. रस्ता मोकळा झाला हे त्याने कशावरून ओळखायचं, यावर सरांचा आणि माझा वाद चालू आहे. सरांच्या मते पुढच्या तुकडीचा सामानाचा शेवटचा ट्रक कालव्यापलीकडे गेला की. मला वाटतं तेवढा वेळ जर्मन देणार नाहीत.